मालकाचा रकाना

शालू भोईर पहिल्यांदा आमच्या घरात आली तेव्हाच मला ती आवडली नाही. दोन हमाल फ्रीज घेऊन तिच्या मागे, ही पुढे. अठ्ठावन्नची बाई, अंबाड्यात अबोलीचा गजरा, काखेत लांबट वही. नमस्कार नाही, चमत्कार नाही. दारातून आत येऊन सगळ्या घराला उद्देशून विचारलं, "प्लग कुठं हाय?"

मी हॉलमध्ये पेपर वाचत होते. स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडले, "क्षितिजा, फ्रीजचा प्लग कुठला गं चालू आहे?"

माझी सून पिठाच्या हातानं बाहेर आली. "ओट्याच्या डावीकडचा. उजवीकडच्याला हात लावू नका, ठिणगी उडते."

शालूनं तिच्याकडे नीट पाहिलं. "नाव काय बाय तुझा?" वहीत काहीतरी लिहिलं. मग वही माझ्यापुढे धरली, बोट ठेवलं, मी सही केली. दरमहा भाडं माझ्या पेन्शनमधून जाणार होतं, तेव्हा सही माझीच. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. टेलिफोन खात्यात सदतीस वर्षं काढली, न वाचता सही करणाऱ्यांना आयुष्यभर झापलं, आणि स्वतः वाचलं नाही. हे आधीच सांगून टाकते.

शालूचा धंदा सोपा आहे. गोडदेवला, जिथं तिचं सासरचं कोळ्याचं घर होतं आणि आता सात मजली इमारत आहे, तिथं तळमजल्यावर तिचं दुकान. फ्रीज, वॉशिंग मशीन, शिलाई मशीन, कपाटं ती भाड्यानं देते. अठरा महिने भाडं भरलं की वस्तू तुमची. मधेच नको झाली तर परत करा, कटकट नाही. मीरा रोडला निम्मी माणसं अकरा महिन्यांच्या करारावर राहतात, आज पूनम सागर तर उद्या शांती नगर. त्यांना असंच काहीतरी हवं असतं. अठरा महिने पुरे झाले की शालू स्वतः घरी जाते आणि गुलाबी रंगाचा मालकीचा कागद हातात देते. माझ्या बाबतीत त्या दिवशी मी दाढ काढायला गेले होते. कागद घरी आला असणार. फ्रीज चालतोय म्हटल्यावर मी कशाला विचारते!

आमची खरी ओळख गेल्या दिवाळीनंतर झाली. फ्रीजच्या दाराचं रबर सैल झालं म्हणून मी तावातावानं दुकानात गेले, तर ही बाई काउंटरमागे पांढरीफटक पडून बसलेली.

"काय झालं गं?"

"बाय, माज्या वहीनं मना चोर केली."

झालं होतं ते भयंकरच होतं. तिची मुलगी दिशा वह्या सांभाळायची, ती लग्न होऊन नाशिकला गेली. अकरा वह्या, शालूचे डोळे अधू. त्या गडबडीत तिनं हमाल पाठवले आणि बाबाजी नावाच्या एकट्या म्हाताऱ्याच्या घरून वॉशिंग मशीन उचलून आणलं. भाडं थकलंय म्हणून. ते मशीन पाच महिन्यांपूर्वीच त्या माणसाचं झालं होतं. आणि त्यानं हूं की चूं केलं नाही. आपलंच काही चुकलं असेल म्हणून दार उघडून दिलं, वर हमालांना पाणी पाजलं. शालू स्वतः मशीन परत घेऊन गेली तेव्हा तो दोरीवर हातानं धुतलेले सदरे वाळत घालत होता.

मी हादरले. म्हणजे उद्या माझ्याही दारात हमाल?

"तुला सॉफ्टवेअर पाहिजे," मी म्हटलं.

"तुमाला येतंय त्यातलं?"

"आमच्या खात्यात कॉम्प्युटर आला तेव्हा सेक्शनमध्ये न रडलेली मी एकटी होते."

एवढ्यावर तिनं मला नेमलं. पगार नाही, रोज एक कप चहा आणि शुक्रवारी बोंबील.

तीन सॉफ्टवेअरवाले आले. पहिल्याचं परदेशी होतं. ते पत्त्यात 'रिक्षा स्टँडच्या मागे' असं लिहूच देईना, आणि तारखेच्या आधी महिना मागायचं. दुसरं मुळात मोटरसायकलींच्या कर्जासाठी बनवलेलं. प्रत्येक वस्तूला चासी नंबर हवाच. तो मुलगा म्हणाला, "कपाटाला काहीतरी टाकून द्या ना." मी त्याला चहा न देता घालवला. तिसरा निकेत. नीटनेटका, मराठीतून बोलणारा, एक महिना फुकट वापरून बघा म्हणणारा. फक्त मला 'आंटी' म्हणायचा. तेवढं मी चालवून घेतलं.

"यात ग्राहकाचा रकाना एकच आहे," मी पहिल्याच दिवशी त्याला म्हटलं. "वहीत दोन आहेत. एक 'हप्ता भरणार', एक 'मालक'."

"एका वस्तूला एक नाव, आंटी. जो पैसे भरतो तो. सगळीकडे असंच असतं."

मला ते पटलं. शालू तेव्हा टेम्पोबरोबर माल पोचवायला गेली होती. तिला विचारायचं मी मनात ठेवलं, आणि मग चार दुपारी बसून चारशे तीस नोंदी भरायला घेतल्या.

पहिल्याच पानावर मला ते दिसलं. हप्ता भरणार: महिपत. मालक: संचिता. हप्ता भरणार: दत्ताराम. मालक: त्याची आई. पुढेही तेच. भरणारा एक, मालक भलताच. क्वचित उलटंही होतं. बाबाजींच्या मशीनचं भाडं त्यांची पुण्याची मुलगी भरायची, पण मालक बाबाजी. बहुतेक ठिकाणी मात्र पैसे नवऱ्याचे आणि नाव बायकोचं. मी थक्क झाले. ही बाई वीस वर्षं लोकांच्या वस्तू भलत्यांच्या नावावर करतेय आणि कुणालाच पत्ता नाही? मला वाटलं, हा अडाणीपणा. तरी मी प्रामाणिकपणे मालकाचं नाव शेऱ्यात टाकत गेले.

दोनशे बारावी नोंद आली. पूनम सागर. फ्रीज, दोन दारांचा. हप्ता भरणार: उर्मिला. म्हणजे मी. मालक: क्षितिजा.

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं. माझा फ्रीज! माझ्या पेन्शनमधून अठरा महिने भाडं गेलं, आणि मालकीण ही? जिनं त्यासाठी दमडी मोजली नाही ती? माझ्या डोक्यात असं काही शिरलं की मी उठून दुकानात दोन फेऱ्या मारल्या. मग बसले आणि माझ्या नोंदीत माझं नाव घातलं. शेऱ्यातून क्षितिजा पुसली. मग म्हटलं, हे बरोबर, तर सगळ्यांचंच बरोबर करायला हवं. मागच्या दोनशे अकरा नोंदींचे शेरे पुसले. पुढच्या सगळ्या नोंदींत सरळ भरणाऱ्याचं नाव. शालूला विचारलं नाही. चूक दुरुस्त करायला परवानगी कशाला लागते, असं माझं आयुष्यभराचं मत.

शेवटच्या दुपारी मी 'जतन करा' दाबलं. त्याच्या खाली 'ग्राहकांना कळवा' अशी एक चौकट होती आणि तिच्यात आधीच बरोबरची खूण होती. ती मी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शालूला कौतुकानं स्क्रीन दाखवत होते. सगळी नावं, रंगीत पट्ट्या, भाडं कुणाचं कधी. तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. शालूनं उचलला. पलीकडून रडण्याचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता.

"रुचिता, ऐक. दाराला आडवी बस. मी येते." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. आवाज अगदी शांत. "बाय, तुमी मालकाच्या रकान्यात काय भरलं?"

मी सांगितलं. तिनं सात नंबरची वही काढली, गल्ल्याला कुलूप घातलं आणि रिक्षाला हात केला. मी तिच्यामागे पळाले. पंचाहत्तरीत मी पळाले.

रिक्षात तिनं तुटक तुटक सांगितलं. रुचिता शांती नगरात राहते, शाळांचे गणवेश शिवते. जूनच्या आधीचे चाळीस गणवेश तिच्याकडे कापून पडलेत. त्या मशीनवर तिचं घर चालतं. नवरा चंदन, त्याचं काम सुटलंय. मशीनचे हप्ते त्यानंच भरले, मार्चमध्ये पुरे झाले. काल रात्री त्याच्या मोबाइलवर मेसेज आला. 'अभिनंदन! शिलाई मशीन आपल्या नावावर नोंदवण्यात आले आहे.' त्याला वड्याची गाडी टाकायची आहे. सकाळी तो टेम्पो घेऊन आला. भाईंदरला गिऱ्हाईक ठरलंय.

"पण तू नावं अशी का लिहितेस?" मी विचारलं. भांडायच्याच सुरात विचारलं, खोटं कशाला सांगू. "पैसे एकाचे आणि मालक दुसरा, हा काय न्याय?"

शालू बाहेर बघत होती. "लग्नानंतर सहा वर्सं मी भायंदरच्या बाजारात म्हावरा इकला. त्या पैशात डीप फ्रीजर घेतला, उरलेली मासली ठेवाला. दुकानदारानं इचारलं, घरात पुरुष कोन? सासऱ्याचं नाव सांगितलं. बिल त्याच्या नावावर. सासरा गेला, वाटनी झाली. फ्रीजर मोठ्या दिराच्या वाट्याला. त्यानं तो नेला तवा आत माजी पापलेटं होती. ती पन नेली."

"आणि तुझा नवरा?"

"बाळाराम? त्यानं फ्रीजर उचलाला हात लावला. भाऊ ना त्याचा. मानूस वाईट न्हाय. त्याला कळलंच न्हाय, की ती वस्तू कुनाची व्हती. मंग मी ठरवलं. वस्तू घरात नेली का इचारायचं, प्लग कुठं हाय. ज्याला ठावं असतं त्याचीच ती वस्तू. बाकीचे दुसऱ्याला हाक मारतात."

पहिल्या दिवशी स्वयंपाकघराकडे तोंड करून मी कशी ओरडले होते ते मला अगदी स्वच्छ आठवलं.

शांती नगरात त्यांच्या इमारतीखाली टेम्पो उभा, आणि टेम्पोत मशीन. रुचिता दाराला आडवी बसण्याआधीच त्यानं ते खाली आणलं होतं. आता ती टेम्पोसमोर उभी होती, गळ्यात अजून मापाची टेप. चार बायका गॅलरीत, वॉचमन खुर्चीवरून उठलेला.

"मावशी, तू मधे नको पडू," चंदन शालूला म्हणाला. "तुझ्याच दुकानाचा मेसेज आहे. हा बघ. माझं नाव आहे की नाही? पैसे मी भरलेत की नाही?"

"भरलेस. एक म्हयना चुकला न्हायस."

"मग?"

"म्हनून हप्ता भरनार म्हनून तुजा नाव हाय." तिनं वही उघडली, बोट ठेवलं. "आनि मालक म्हनून हिचा. खाली सही तुजी."

"ती जुनी वही. आता कॉम्प्युटरवर माझं नाव आहे. ते खरं की हे खरं?"

सगळ्यांनी शालूकडे पाहिलं. शालूनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं पाहिलं असतं तर मी कदाचित सबब शोधली असती.

"मेसेज चुकीचा आहे," मी म्हटलं. "मी पाठवला. वहीत मालक रुचिता होती, ती मी पुसली आणि तुझं नाव घातलं. कुणाला न विचारता."

"तुम्ही कोण आजी?"

"मी ती शहाणी."

गॅलरीतली एक बाई फिस्सकन हसली. चंदनला मात्र हसू आलं नाही. त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, हेही लिहून ठेवते. अठरा महिने त्यानं खरंच पैसे भरले होते, आणि रात्रभर त्या मेसेजवर वड्याची गाडी उभी केली होती. ती आशासुद्धा मीच त्याला दिली होती.

"बरं," शालू म्हणाली. "मशीन तुजी हाय ना? टेम्पोत चढ. सुईत दोरा ओव. खालची बॉबिन कुठं बसते ती बसवून दाव. दावलीस तर घेऊन जा, मी वही फाडते."

फाडते? आणि याला येत असलं तर? चंदन चढलासुद्धा. मशीनचं झाकण इकडून तिकडून चाचपलं. एक खटका ओढला, तो भलताच निघाला. गॅलरीतून आवाज आला, "अरे, उलटा बघतोयस!" त्यानं मान वर केली आणि सवयीनं, अगदी घरच्या आवाजात म्हणाला, "रुचिता, हे कुठून उघडतं गं?"

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं. तो टेम्पोतून उतरला, मोबाइल खिशात घातला आणि गेटच्या बाहेर निघून गेला.

"मावशी, मेरा भाडा कौन देगा?" टेम्पोवाला म्हणाला.

"मी देते," मी म्हटलं. "आधी मशीन वर चढव."

लिफ्ट बंद होती. टेम्पोवाल्यानं आणि वॉचमननं मशीन धरलं, रुचितानं टेबल, आणि मी पायाचं पेडल घेऊन चार मजले चढले. वर पोचल्यावर रुचितानं मला पाणी दिलं, पण आभार मानले नाहीत. बरोबरच केलं. मशीन जागेवर बसताच तिनं दोरा ओवला, बघितलंही नाही कुठं ओवतेय ते, आणि एका निळ्या बाहीवर टीप मारायला घेतली. चंदन संध्याकाळी परत येणार होता, तेव्हा ती त्याच्याशी काय बोलणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुपारी निकेतला बोलावलं. तो पैसे भरून घ्यायच्या तयारीनं आला होता. शालूनं त्याला फक्त एक प्रश्न विचारला.

"यातला नाव परत बदलता येतं का?"

"हो ना मावशी! एका क्लिकमध्ये. कधीही!"

"वस्तू त्याची झाल्यावर पन?"

"केव्हाही. फक्त पासवर्ड पाहिजे."

"म्हंजे मी बदलू शकते. ही बाय बदलू शकते. उद्या माज्या खुर्चीत माजा जावई बसला तर तो पन."

"अगदी सोपं!" निकेत खुशीत म्हणाला.

"मंग नको."

पोराचा चेहरा असा झाला की जणू पापलेट घेऊन ये म्हणून पाठवलं आणि चांगलं आणलं म्हणून मार पडला. मी त्याला समोर बसवलं आणि कागदावर लिहून दिलं. रकाने दोन हवेत. आपोआप मेसेज एकही नको. आणि शेवटचा हप्ता पुरा झाला की मालकाच्या नावाला कुलूप. ते शालूलाही उघडता येता कामा नये.

"पण चूक झाली असेल तर, आंटी?"

"आंटी म्हणू नकोस. चूक व्हायची ती शेवटच्या हप्त्याच्या आधी होऊ दे. अठरा महिने असतात दुरुस्त करायला."

"असं कुणीच मागत नाही, मॅडम."

"इथं मागतायत," शालू म्हणाली. "जमत नसंल तर वह्या हायेत. तुला चा देऊ?"

तो अकरा दिवसांनी परत आला. कुलूप बसवून.

मधल्या अकरा दिवसांत मी सगळे मालक पुन्हा वहीतून भरले, आणि त्या मेसेजांपायी दुकानात आलेल्या सतरा नवऱ्यांना आणि दोन सासवांना एकेक करून सांगितलं की चूक माझी. त्यातली एक सासू म्हणाली, "पण बाई, पैसे तर मी भरले." मी तिला चहा दिला.

क्षितिजाला मात्र शांती नगरातून परत आले त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. ती भाजी चिरत होती. मी म्हटलं, "तुला माहीत आहे का, हा फ्रीज तुझ्या नावावर आहे?"

"हो," ती म्हणाली.

"हो?"

"कागद माझ्या कपाटात आहे. गुलाबी. शालूताईंनी माझ्याच हातात दिला, तुम्ही दाढ काढायला गेला होतात."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तुम्ही रोज 'माझा फ्रीज, माझा फ्रीज' म्हणायचात. म्हटलं, म्हणू देत."

एवढे महिने ही मुलगी माझं ऐकतेय! पाहुण्यांसमोर मी त्या फ्रीजवर हात ठेवून सांगितलंय की हा मी घेतला. दार नीट लावत नाहीस म्हणून तिला बोललेय. आणि ही मालकीण, मान खाली घालून, 'हो आई'.

निकेत नवं घेऊन आला त्या दिवशी शालूनं आधी रुचिताची नोंद उघडायला लावली. स्क्रीनवर आलं, 'मालकाचे नाव कायम करायचे? यानंतर ते बदलता येणार नाही.' शालूनं स्वतः बोटानं दाबलं. मग बाबाजी. मग मी दोनशे बारावर गेले. शालूनं तोंड फिरवून बाहेर बघायला सुरुवात केली, कुणी बघतंय असं मला वाटू नये म्हणून. मी दाबलं. बारीकसं कुलूप उमटलं आणि माझं नाव वरच्या रकान्यात, हप्ता भरणार म्हणून, राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर ओट्यावर माझ्या लोणच्याच्या तीन बरण्या आणि मेतकुटाचा डबा.

"हे काय?"

"जागा हवीये मला खालच्या कप्प्यात," क्षितिजा म्हणाली. फ्रीजमध्ये डोकं घालूनच म्हणाली, वळली नाही. "कितीतरी दिवसांपासून हवी होती."

मी डबा उचलला आणि बरण्या ठेवायला कपाटात जागा शोधायला लागले.